गेटबाहेर मालक

आधीच सांगते, त्या दिवशी माझं काहीही चुकलं नव्हतं.

अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात मी संगणक विभाग सांभाळते. विभाग म्हणजे मी एकटीच. ऑर्डरी, माल, हजेरी, गेट, सगळं एकाच सॉफ्टवेअरवर चालतं. सकाळी परदेशी गिऱ्हाईकाचा मेल आला: तुमच्या सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत, म्हणजे माहितीला कुलूप घालणाऱ्या कोडमध्ये, भोक सापडलंय. संध्याकाळपर्यंत बुजवा, नाहीतर ऑर्डरी बंद.

"चहा निवायच्या आत करते," मी मालकांना, चनबसप्पा आण्णांना सांगितलं.

"आपल्याकडं लायब्ररी कुटं हाय?" एवढं विचारून, उत्तर न ऐकताच ते बाहेर पडले.

मी लायब्ररीची नवी आवृत्ती टाकली. भोक बंद. चहा अजून वाफाळत होता. तेवढ्यात गवंडी मल्लप्पा शिडी आणि सिमेंटची पाटी घेऊन दारात उभा.

"आण्णांनी धाडलंय. भोक कुटं हाय?"

त्याला समजावतेय तोवर बाहेर हॉर्न वाजायला लागले. गेट उघडेना. गेट उघडणारा खांबावरचा डबा जुना. त्याला जुन्याच कुलपाची भाषा येत होती आणि नवी लायब्ररी ती ऐकून घ्यायला तयार नव्हती. आत टॉवेलांनी भरलेला ट्रक, बाहेर भर उन्हात आण्णा.

त्यांचा फोन आला. "काव्या, जुनं परत टाक."

"न्हाय टाकणार, आण्णा. भोक परत उघडंल."

"अगं, मालक मी हाय की."

"व्हय की. म्हणून तर पहिला तुमचाच पासवर्ड चोरीला जाईल."

फोन ठेवून मी गेटपाशी गेले. एव्हाना दुपारच्या पाळीच्या बायका बाहेर येऊन थांबल्या होत्या. त्यांची पुढारी सोजरबाई. तिनं बाहेरचे आण्णा बघितले, गेटच्या आतली मी बघितली आणि विचारलं, "ताई, संप हाय व्हय?"

"संप न्हाय हो, अपडेट हाय."

"कायबी असू दे. मालकाला बाहेर ठेवलाय न्हवं? मग आमी तुमच्या बाजूनं." आणि सगळ्याजणी तिथंच फतकल मारून बसल्या.

आण्णा घाबरले. गजांतून मला म्हणाले, "मागण्या काय हायत तुमच्या?"

"जुनं टाक म्हणायचं न्हाय. आणि तो डबा उघडू द्यायचा."

"आन पंखे," सोजरबाई मागून म्हणाली. "लूमपाशी लई उकडतंय."

"मान्य," आण्णा घाम पुसत म्हणाले.

मल्लप्पाची शिडी खांबाला लावली. लॅपटॉप कडेवर घेऊन वर चढले आणि डब्यातही नवी लायब्ररी भरली. गेट कुरकुरत उघडलं. ट्रक गेला, आण्णा आत आले, गिऱ्हाईकाला कळवलं, ऑर्डरी वाचल्या. कारखान्यात इतकं अवघड काम आजवर कुणी केलं नव्हतं. कुणीतरी शाबासकी द्यायला येईल म्हणून मी टेबलाशी ताठ बसून राहिले.

आली ती सोजरबाई. इकडं तिकडं बघत हळूच म्हणाली, "ताई, पुढचं भोक कवा पडणार? गार पाण्याचं राहिलंय."