पिवळ्या लोकरीचं जाळं

सातारच्या विहीणबाई फोनवर सहज म्हणाल्या, "बारशाला बाळासाठी मी स्वेटर विणतेय हो," आणि राजश्रीच्या तोंडून निघून गेलं, "मीपण विणतेय!"

तिने जन्मात कधी विणायच्या सुया हातात धरल्या नव्हत्या. रत्नागिरीत वैशाखात स्वेटरचं नाव काढलं तरी घाम फुटतो, तिथे शिकवणारं कोण भेटणार? पण शब्द गेला होता. लेक पूर्वी हिचं बाळंतपण माहेरीच झालेलं, पहिलंच नातवंड, आणि त्यात विहिणीपुढे मान खाली घालायची? छे!

मोबाइलवरच्या व्हिडिओतली विणणारी बाई हसत हसत झरझर पुढे जायची आणि राजश्री पहिल्याच टाक्यात अडकायची. कुठून कोण जाणे, प्रत्येक ओळीत नवे टाके उपटायचे. वीतभर सुरू झालेलं पिवळं विणकाम बघता बघता सुपाएवढं रुंद झालं.

"आई, हे बाळाला घालायचंय की पाळण्याला?" पूर्वीने विचारलं.

राजश्रीने सगळं उसवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बारसं परवावर आलं आणि मधलाच एक टाका सुटला. खालपर्यंत भगदाड पडत गेलं. तिला रडूच कोसळलं.

"जाळं फाटलं म्हनून मी कदी रडत बसलो काय गो?" नवरा दत्ताराम म्हणाला. त्याचं सगळं आयुष्य होडीचा तांडेल म्हणून खलाशांवर हुकूम चालवण्यात आणि जाळी दुरुस्त करण्यात गेलेलं. "आन हिकडं."

"हात लावू नका हां! बाळाला न्हाऊ घालून येते, मग बघते."

ती परतेपर्यंत भगदाड बुजलं होतं. जाळ्याच्या सुईत लोकर भरून दत्तारामने एकेका भोकाला पक्की गाठ मारली होती.

"ओढून बघ. सुरमय लागली तरी तुटायचं नाय."

"अवो, बाळाला घालायचंय, समुद्रात नाय टाकायचं!"

गाठी काही केल्या सुटेनात आणि नव्याने विणायला वेळ नव्हता. बाकीचंही तसंच करण्यावाचून इलाज उरला नाही. दत्ताराम रस्त्याकडे पाठ करून ओटीवर बसला, तरी शेजारचा भागोजी आलाच.

"पिवळं जाळं? ह्याच्यात रे काय गावनार?"

"कुर्ल्या," दत्ताराम मान वर न करता म्हणाला.

बारशाला विहीणबाईंनी पिशवीतून स्वेटर काढला. सोबत टोपी, मोजे, कडेने विणलेली बदकं. ते पाहूनच राजश्रीचा जीव अर्धा झाला. पण स्वेटर अंगात जाताच बाळ लालबुंद झालं आणि असं किंचाळलं की बायकांना पाळणा म्हणता येईना. पूर्वीने घाईघाईने तो उतरवला आणि राजश्रीचं जाळीदार जाकीट चढवलं. भोकाभोकांतून पंख्याचा वारा लागला आणि बाळ झोपी गेलं.

विहीणबाईंनी चष्मा लावून एक टाका ओढून पाहिला. "अगंबाई, हलतसुद्धा नाही! कुठला हो हा नमुना?"

"आमच्या घरात पूर्वापार आहे," राजश्री म्हणाली. हे काही अगदीच खोटं नव्हतं.

"मग आज शिकवाच मला."

राजश्रीला दरदरून घाम फुटला. तेवढ्यात घुगऱ्या खात बसलेला भागोजी ओरडला, "अरे, ह्ये तर दत्तारामचं कुर्ल्यांचं जाळं!"

राजश्रीला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. "मला नाय येत विणायला, विहीणबाई," ती कशीबशी म्हणाली. "ह्यांनी केलंय."

विहीणबाईंनी दत्तारामकडे पाहिलं, जाकिटाकडे पाहिलं आणि मग कोपऱ्यात पेपर वाचत बसलेल्या आपल्या यजमानांकडे वळल्या.

"बघितलंत? याला म्हणतात नवरा! तुम्ही रिटायर झाल्यापासून साधं शर्टाचं बटण तरी लावलंत?" आणि राजश्रीचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "नशीबवान आहात हो!"

एवढ्या बायकांसमोर हे ऐकून राजश्रीची मान आपोआप ताठ झाली.

महिन्याभराने भरदुपारी दत्तारामचा फोन वाजला. साताऱ्याहून व्याही दबक्या आवाजात बोलत होते.

"एक टाका सुटलाय हो. खाली खाली चाललाय. काय करू?"

दत्तारामने आजूबाजूला कोणी नाही याची खात्री करून घेतली आणि तांडेलाच्या अधिकाराने सांगितलं, "आदी दार लावून घ्या."