लाल सोफा आणि त्याच्या मागचं सगळं

"तुमच्या पेजवर नुसते फोटो असतात हो," फोनवर एक बाई म्हणाल्या. "मला दिसत नाही. माझा मोबाइल सगळं वाचून दाखवतो, पण फोटो आला की 'फोटो' म्हणतो आणि गप्प बसतो. त्यात काय आहे ते लिहा ना."

सोफेवाल्याला पटलं. गिऱ्हाइकाचं काहीही पटावं असेच दिवस होते. या महिन्यात एकही सोफा गेला नाही, तर दुकानाला कुलूप लावून माझ्या भावाच्या टायरच्या दुकानात बसायचं, असं बायकोने ठणकावलं होतं. 'दाजी, तेवढा टायर ढकला' हे त्याला आत्ताच ऐकू यायला लागलं होतं.

लिहायचं काम त्याने बायकोलाच दिलं. "हा लाल सोफ्याचा फोटो. दिसेल ते लिही. काही सोडू नकोस."

बायको सोडणाऱ्यातली नव्हतीच. तिने फोटो मोठा केला, अजून मोठा केला आणि लिहिलं: 'पुढे लाल सोफा, कोरा. मागे कोपऱ्यात हिरवा सोफा. त्यावर मालक झोपलेत. तोंड उघडं. चष्मा कपाळावर, मापाची टेप पोटावर.'

तासाभरात गल्लीभर झालं. समोरचा सलूनवाला ओरडला, "मालक, पोटाचं माप किती भरलं?" मेव्हण्याचा फोन आला, "दाजी, आमच्याकडे दुपारी झोपता येणार नाही हां."

"अगं, काढ ते आधी!"

"का? दुपारी 'कामात आहे, फोन करू नकोस' म्हणता, ते हेच काम ना?"

दुसऱ्या दिवशी त्या फोनवरच्या बाई आपल्या भावाचा हात धरून दुकानात हजर. सोफेवाल्याने लाल सोफ्याचं कौतुक करत त्यांना त्यावर बसवलं. त्या बसल्या आणि लगेच उठल्या.

"हा टणक आहे, नको. तो हिरवा कुठंय?"

"तो... तो जुना आहे हो. विकायचा नाही."

"अहो, मऊ आहे, आरामदायी आहे, असं सगळेच लिहितात. भर दुकानात तोंड उघडं टाकून झोपलेला माणूस फक्त तुमच्याकडे!"

त्या हिरव्यावर टेकल्या आणि अलगद आत गेल्या. चेहराच सांगत होता, आता उठणार नाहीत. गल्ल्यावरून बायको बघत होती. सोफेवाल्याला डोळ्यांपुढे टायर दिसले.

"घेऊन जा," तो पडेल आवाजात म्हणाला.

दोन दिवसांनी पेजवर नवा फोटो आला. खाली बायकोचं लिखाण: 'लाल सोफा. अजून आहे. त्यावर मालक आडवे. डोळे टक्क उघडे. हात कमरेवर.'