दोनशे दहा थेंब

मुलांनो, इथे मेहरूणला माझ्या शेजारी राहणाऱ्या नानांना नमस्कार केला, तर ते उत्तरादाखल आकडा सांगतात. "एकशे बारा!" नमस्काराला थांबलं, तर मोजणी चुकते.

नाना कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. निवृत्त झाले, पण प्रयोगशाळा सुटली नाही. ओट्यावर बसून ते ॲसिडिटीची गोळी खलबत्त्यात कुटतात, वाटीतल्या पाण्यात कालवतात, त्यात जास्वंदीचा अर्क घालतात आणि ड्रॉपरने व्हिनेगर सोडत बसतात. पाणी लाल झालं, की गोळी हरली. जास्वंद माझ्या कुंपणावरची. विचारून तोडायची पद्धत त्यांच्याकडे नाही.

"ही गुलाबी पाहा ताई, निसता फेस! निवडून आलेली शे. बठ्ठा आवाज, काम काही नाही."

खुद्द नानांना खिळे पचतील. जळजळ त्यांच्या बायकोची, आमच्या अक्कांची. डॉक्टरांनी चार वर्षांपूर्वी अक्कांची मिरची बंद केली. तेव्हापासून हिवाळ्यात आपल्या भावाच्या मळ्यात होणाऱ्या भरीत पार्टीला त्या जातच नव्हत्या. "लोकांची तोंडं पाहायला जाऊ?" म्हणायच्या.

यंदा डॉक्टरांनी दोन घासांची परवानगी दिली. अक्कांना धीर होईना. नानांनी अकरा प्रकारच्या गोळ्या कुटल्या. एक पांढरी दोनशे दहा थेंब टिकली. "चल आता," नाना म्हणाले, "बॉडीगार्ड सापडला."

"माझं पोट म्हणजे तुमची वाटी नाही," अक्का म्हणाल्या. पण गोळी पर्समध्ये टाकली आणि नवी साडी काढली.

मीही त्यांच्यासोबत गेले. मळ्यात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली होती. अक्कांनी डोळे मिटून दोन घास खाल्ले. काही झालं नाही. नानांच्या ताटात मात्र दुधी. घरून डब्यातून आणलेला.

"नाना, तुम्हाला कसलं पथ्य?" मी विचारलं.

"चार वर्षं हेच खातो ताई," ते हळूच म्हणाले. "एकटीनं पथ्य पाळलं, की जास्त जळजळतं."

अक्कांना ते ऐकू गेलं. त्यांनी आपलं उरलेलं भरीत नानांच्या ताटात लोटलं. नानांनी ताट पुसून खाल्लं.

परतताना रिक्षात नाना छाती चोळू लागले. चार वर्षांत तिखटाची सवय मोडली होती. अक्कांनी पर्स उघडली.

"घ्या. दोनशे दहावाली शे."

नानांनी पहिल्यांदाच गोळी कुटली नाही. खाल्ली.