प्रशिक्षणाला गेलेली बाही

सासूबाईंच्या विणकामाच्या पिशवीला कुणी हात लावायचा नाही, हा त्या घरातला अलिखित कायदा होता. कपाटाच्या किल्ल्या सूनबाईंकडे होत्या, स्वयंपाकघर सूनबाईंचं होतं, नवरा तर बिचारा कुणाच्याच खिजगणतीत नव्हता; पण पिशवी मात्र सासूबाईंची. सध्या त्या पिशवीत लेकीच्या तान्ह्या बाळाचा स्वेटर होता. पाठ झाली होती, पोट झालं होतं, एक बाही झाली होती आणि दुसरी शेवटच्या काही ओळी राहिल्यामुळे अजून सुईवर होती. रात्री सगळं जोडून सासूबाई उद्या सकाळी लेकीकडे निघणार होत्या.

आणि आज सूनबाई तीच पिशवी घेऊन प्रशिक्षणाला आल्या होत्या.

सूनबाई शाळेत इंग्रजी शिकवायच्या. इंग्रजीच्या शिक्षकांना सर्जनशील बनवण्यासाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं आणि ते सक्तीचं होतं. दुसऱ्या दिवशी येताना प्रत्येकाने घरातली एकेक वस्तू आणायची होती. सूनबाईंच्या वाट्याला लोकरीचा गुंडा आला. तो त्यांना आठवला तेव्हा त्या चप्पल घालत होत्या. दुकानं बंद, सासूबाई बहिणीकडे गेलेल्या. सूनबाईंनी गुंडा काढायला पिशवीत हात घातला, तर त्याचं टोक सुईवरच्या बाहीला. तोडावं तर पाप, सोडवावं तर सुटत नाही. "संध्याकाळी त्या यायच्या आत जागच्या जागी ठेवू," असं म्हणत त्यांनी अख्खी पिशवीच उचलली. घाईत धावताना सुई गळून पडली, ते त्यांना कळलंही नाही.

प्रशिक्षण द्यायला एक तज्ज्ञ मॅडम आल्या होत्या. वर्गात जाऊन शिकवणं त्यांनी कधीच सोडलं होतं, त्यामुळे कसं शिकवावं याबद्दल त्यांचे विचार फार स्पष्ट होते. शिक्षकाने वर्गात कमी बोलावं, हा मुद्दा त्यांनी आदल्या दिवशी सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोलून पटवून दिला होता. हॉलमध्ये फक्त इंग्रजीतच बोलायचं, हा त्यांचा नियम. परिणामी एरवी घंटा झाली तरी न थांबणारे शिक्षक दोन दिवस मौनव्रत धरल्यासारखे बसून होते.

"सर्कल करा!" मॅडम आपल्या झोकदार इंग्रजीत म्हणाल्या. "गुंडा फेकायचा, ज्याच्याकडे जाईल त्याने एक विचार मांडायचा. आपला धागा सोडायचा नाही. हे आपलं नेटवर्क!"

पहिला मान सूनबाईंचा. पिशवी खुर्चीवर ठेवून, धागा बोटात धरून त्यांनी गुंडा समोर फेकला. तो गाइडवाल्या सरांनी झेलला. हे सर गाइडातलं उत्तर फळ्यावर उतरवून देत, म्हणून त्यांचं हे नाव. त्यांनी बराच विचार केला आणि "इंग्लिश इज इम्पॉर्टंट," एवढं म्हणून गुंडा पुढे ढकलला. गुंडा फिरत राहिला. इंग्लिश सगळ्यांनाच इम्पॉर्टंट वाटत होतं. हॉलभर धाग्याचं जाळं झालं आणि गुंडा संपला.

"आता सगळे एक पाऊल मागे! जाळं ताणा!"

सगळे मागे सरकले. सूनबाईंच्या बोटातून धागा सुळसुळ पुढे पळाला. त्यांनी वळून पाहिलं. पिशवीच्या तोंडाशी बाही आली होती आणि ओळीमागून ओळ उसवत होती.

"अजून एक पाऊल!"

"मॅडम, स्टॉप!" सूनबाई ओरडल्या. "माय मदर-इन-लॉज स्वेटर इज ओपनिंग!"

मॅडमनी डोळे मिटले. "वा! ब्यूटिफुल मेटाफर! नात्यांचा स्वेटर उलगडतोय! टाळ्या!"

हातात धागा असलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रत्येक टाळीला बाही थोडी आखूड होत गेली. सूनबाईंनी आणखी दोन वाक्यं इंग्रजीत जुळवून पाहिली. मॅडमनी तीही भिंतीवरच्या तक्त्यावर लिहून घेतली. बाही पूर्ण संपली तेव्हा तक्ताही भरला होता.

मग मॅडमनी पर्समधून कात्री काढली. "आता प्रत्येकाने आपल्या हातातला तुकडा कापून मनगटाला बांधायचा. आजची आठवण!" कात्री गाइडवाल्या सरांच्या हातात गेली. त्यांनी ती उघडली.

"खबरदार!" सूनबाई घरच्या भाषेत कडाडल्या. "सासूबाईंच्या पिशवीतली लोकर आहे ती! न विचारता आणलीय मी! उद्या बाळाला स्वेटर द्यायचाय!"

दोन दिवसांत सगळ्यांना कळलेलं ते पहिलं वाक्य. "न विचारता?" एका शिक्षिकेने छातीवर हात ठेवला. गाइडवाल्या सरांनी कात्री अशी खाली ठेवली, जणू त्यांचीच सासू दारात उभी आहे.

"कुणी जागचं हलू नका!" सरच म्हणाले. "टोक कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे!" सूनबाई म्हणाल्या.

"तुम्ही गुंडाळत या. आधी शेजारच्या मॅडमच्या हाताखालून."

"खालून नाही हो, वरून! गाठ बसेल!"

"मग मी बसू का खाली?"

"बसा, पण धागा सैल सोडा!"

विचारणं, सांगणं, समजावणं, एकमेकांना मदत करणं, सगळं झकास चालू झालं. मॅडम दोन दिवस ज्यासाठी घसा कोरडा करत होत्या तेच हे. फक्त इंग्रजीत नसल्यामुळे त्यांना ते ओळखता आलं नाही. त्या कोपऱ्यात रुसून बसल्या. प्रमाणपत्र देताना त्यांनी सूनबाईंकडे पाहिलंसुद्धा नाही.

घरी सासूबाई आधीच येऊन बसल्या होत्या.

"माझी पिशवी?"

"आई, मी नेली होती. ट्रेनिंगला." सूनबाईंना रडूच फुटलं. "बाही उसवली हो. सगळी. एक टाकासुद्धा राहिला नाही."

सासूबाईंनी पिशवीत हात घातला, गुंडा चाचपला आणि एक मोठा सुस्कारा सोडला. तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"अगं, काय सांगू तुला! तयारच होता. बाही तर अशी साधली होती, की विकतच्याने झक मारावी. पण तुझ्या वहिनीने ट्रेनिंगला नेला आणि उसवून आणला... नको गं, तिला बोलू नकोस. नोकरी आहे तिची. पुढच्या खेपेला आणते."

सूनबाई मान खाली घालून उभ्या होत्या. सासूबाईंनी फोन ठेवला आणि उठून दार लोटून घेतलं.

"डोळे पूस आधी. ती बाही इतकी रुंद झाली होती, की बाळाचे दोन्ही हात एकीतच गेले असते. मला कळत होतं, पण उसवायचा धीर होईना. आणि तिला तर रोज सांगत होते, फर्स्ट क्लास झालाय म्हणून. आज दिवसभर बहिणीकडे घास उतरला नाही माझ्या घशाखाली."

"मग फोनवर ते..."

"तेवढं घे गं अंगावर. सून आहेस ना माझी?"

सासूबाईंनी स्वेटरची पाठ बाहेर काढली, हातभर लांब धरली, डोळे बारीक करून इकडून तिकडून पाहिली आणि आवाज आणखी खाली आणला.

"पुढचं ट्रेनिंग कधी आहे गं तुझं? ही पाठपण जरा तिरकीच आलीय."