डोळ्याच्या कोपऱ्यावर बोट

औषधाच्या दुकानात मी सात वर्षं काउंटरमागे काढली होती. त्यामुळे आमच्या घरात औषधांच्या बाबतीत शेवटचा शब्द माझा, हे मी लग्नानंतर आठवड्याभरातच जाहीर करून टाकलं होतं. बायकोनं ते हसून ऐकून घेतलं. तेव्हा तिचे दोन्ही डोळे ठणठणीत होते.

आमची मुलगी दीड महिन्याची झाली आणि बायकोचा उजवा डोळा आला. लालभडक, सकाळी पापण्या चिकटलेल्या. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब दिले, पण ही घालायलाच तयार होईना. डोळ्यात घातलेलं औषध घशात कडू लागतं, मग दुधात का नाही जाणार, हा तिचा प्रश्न. माझा डोळा राहू दे तसाच, पण पोरीच्या पोटात औषध जायला नको, म्हणाली. सात वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता!

पुन्हा बाईंकडे गेलो. बाईंनी हिला आधी शाबासकी दिली. मग म्हणाल्या, हे औषध पाजणाऱ्या आईला चालणारंच निवडलंय, दुधात उतरलं तर अगदी नावापुरतं. तेही कमी करायचं असेल तर दिवसातून दोनदा, बाळाला पाजून झालं की एक थेंब घालायचा, डोळा मिटायचा आणि नाकालगतचा कोपरा बोटानं दोन मिनिटं दाबून धरायचा. घशाकडे जाणारी वाट तिथूनच सुरू होते.

झालं, माझ्या अंगात उत्साह संचारला. सकाळ-संध्याकाळ हात धुवायचे, थेंब घालायचा आणि मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरून उभं राहायचं. ही पलंगाच्या कडेला मान खाली घालून, डोळ्याला बोट लावून बसायची. काय दिवस होते ते! एक खोली, एक पाळणा, दोरीवर वाळणारी दुपटी, आणि मी मोठा वैद्य.

अशात माझे सासरे नात बघायला आले. अप्पा सुतार. दिवसभरात दहा वाक्यं बोलले तरी गप्पा मारल्यासारखं. पहिल्याच संध्याकाळी दारात आले तेव्हा त्यांची लेक डोळ्याला बोट लावून खाली मान घालून बसलेली, आणि जावई तिच्यासमोर उभा राहून दरडावतोय, ‘हलायचं नाही. अजून चाळीस सेकंद.’ अप्पा आल्या पावली मागे फिरले आणि बराच वेळ जिन्यात बसून राहिले. मला वाटलं, प्रवासानं दमले असतील.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या मावशींकडे चौकशी केली. मावशी म्हणाल्या, खिडकीतून मीही बघते हो, बिचारी सारखी डोळे पुसत असते. मावशी आमच्याच दुकानाचं गिऱ्हाईक. तिसऱ्या दिवशी दुकानाच्या मालकांनी मला आत बोलावून, बायकोला कसं वागवावं यावर अर्धा तास ऐकवलं. मी मान डोलावत राहिलो. त्यांचंच घरी काही बिनसलं असेल, असं समजून मी त्यांना धीरही दिला.

दुपारी घरी आलो तर दारात गाडी उभी. आत ट्रंक भरलेली, मुलगी दुपट्यात गुंडाळून अप्पांच्या खांद्यावर, आणि बायको त्यांना काहीतरी समजावतेय. ‘समोर उभा राहून रडवतोस हिला, मी बघितलंय,’ अप्पा मला म्हणाले. या दोघी गेल्या तर या खोलीत माझं काय उरणार होतं?

मी धावत जाऊन बाटली आणली. डॉक्टरीणबाई, घसा, दूध, सगळं एका दमात सांगितलं. कसं दाबायचं ते दाखवायला स्वतःच्याच डोळ्याला बोट लावून पलंगावर बसलो. नेमक्या तेव्हाच मावशी आत आल्या आणि म्हणाल्या, ‘आता रडून काय उपयोग?’

बायको खो खो हसत सुटली. मीही सुटलो. अप्पा मात्र हसले नाहीत.

‘थेंब किती वेळा?’ त्यांनी विचारलं.

‘दोनदा. सकाळ-संध्याकाळ.’

‘काल तू दुकानात असताना ही तीनदा तशी बसली होती.’

बायकोनं हळूच पोरीला खांद्यावरून घेतलं. ‘डोळ्याला बोट असलं की औषध घातलंय असंच वाटतं ना,’ ती म्हणाली. ‘कुणी विचारत नाही. झोप नाही अप्पा, दिवसभर बोलायला माणूस नाही. बाकी काही नाही.’

अप्पांनी गाडी परत पाठवली आणि पंधरा दिवस मुक्काम ठोकला. दुपारी ते नातीला फिरवायचे, ही झोपायची. मी मालकांशी बोलून तासभर लवकर घरी यायला लागलो. डोळा आठवड्यात बरा झाला. बाकीचं बरं व्हायला थोडे जास्त दिवस लागले.

आता अप्पा नाहीत. मुलगी सासरी आहे. परवा चहा घेताना मी बायकोला विचारलं, तेव्हा मला का नाही सांगितलंस?

‘सांगणार होते हो,’ ती म्हणाली. ‘पण औषध घालताना तुम्ही इतके खुशीत असायचात, म्हटलं कशाला विरजण घालायचं?’