मनकर्णाबाईंचा सत्कार व एक तांत्रिक अडचण

अन्न, वस्त्र आणि निवारा मिळाला की माणसाला चौथी गोष्ट हवी असते, आणि ती म्हणजे सत्कार. हुडकेश्वरच्या आमच्या ले-आऊटमध्ये पहिल्या तिन्ही गोष्टी बहुतेकांकडे असल्यामुळे (पाण्याचा टँकर दिवसाआड येतो, पण पाणी या यादीत नाही) गेल्या वर्षी 'स्व व परस्पर सन्मान समिती' स्थापन झाली. मी तिचा सचिव आहे. हे मी नम्रपणे सांगतो, कारण नियम क्रमांक चार तसा आहे.

समितीचे तत्त्व सोपे आहे. माणसाने रोज स्वतःचा मान राखावा आणि दुसऱ्याचाही राखावा. आता मान राखला हे बाहेरून दिसत नाही, म्हणून शाल लागते.

स्वसन्मान सकाळी करायचा. दात घासण्यापूर्वी आरशासमोर उभे राहून स्वतःला 'अहो' म्हणायचे, नमस्कार करायचा आणि समोरून नमस्कार आल्याशिवाय हलायचे नाही. आमचे सभासद मधुकरराव चष्मा न लावता उभे राहतात. समोर कोण आहे हे कळत नसल्यामुळे ते जरा जास्तच वाकतात.

परसन्मान सायंकाळी, अध्यक्ष कृष्णकांत यांच्या पोर्चमध्ये. घरे बेचाळीस, रोज एक सत्कार. शाल एकच आहे, ती सकाळी इस्त्री करून परत द्यायची. नारळही पहिल्या दिवसापासून तोच आहे. (तो फोडू नये. आत आता काय असेल ते पाहण्याची अध्यक्षांचीही हिंमत नाही.) मे महिन्यात, पारा शेहेचाळीसवर असताना, शाल पांघरलेले तीन सत्कारमूर्ती चक्कर येऊन पडले. त्यांना कूलरसमोर शुद्धीवर आणून, पडूनही शाल न सोडल्याबद्दल पुन्हा शाल देण्यात आली.

वर्षअखेरीच्या पाहणीत एकसष्ट टक्के सभासदांनी आपला मान वाढल्याचे सांगितले. उरलेल्या एकोणचाळीस टक्क्यांच्या मते शेजाऱ्याचा जास्त वाढला.

आठ फेऱ्या झाल्या आणि मंडळी कंटाळली. त्याच त्या माणसाला नवव्यांदा थोर म्हणायचे तर जीभ जड होते. तेव्हा कोणीतरी सुचवले की रोज सत्काराचा चहा करणाऱ्या मनकर्णाबाई अजून कोऱ्याच आहेत. अध्यक्षांकडे आणि आणखी दहा घरी त्या भांडी घासतात. ठराव एकमताने झाला. मानपत्र मी लिहिले. त्यात 'श्रमदेवता' हा शब्द चार वेळा येतो.

मनकर्णाबाईंना आठवडाभर आधी कळवले होते. त्यांनी अकराही घरी सांगून सुट्टी घेतली, ठेवणीतले लुगडे नेसल्या आणि फोटो काढायला सून काजलला सोबत आणले. खुर्चीत त्या अगदी कडेला बसल्या होत्या, पण चेहरा असा खुलला होता की आमच्यापैकी कोणाचाही आठ फेऱ्यांत खुलला नव्हता. मला खरेच बरे वाटले.

सत्कारमूर्तीने उठायचे नाही असा नियम असल्यामुळे त्या दिवशी चहा अध्यक्षांच्या पत्नी सुमतीबाईंनी केला. सोनेरी काठाचे कप ट्रेमध्ये मांडले. मग सवयीने हात गॅस सिलिंडरमागे गेला, तिथला कान तुटलेला कप निघाला, आणि तोच त्यांनी खुर्चीतल्या, शाल पांघरलेल्या श्रमदेवतेच्या हातात दिला. काजलने त्याच क्षणी फोटो काढला.

मनकर्णाबाईंनी कपाकडे पाहिले, मग सुनेकडे.

"बाई, शाल वापस घ्या," त्या म्हणाल्या. "मले आजच्या दिवस त्या सोनेरी काठाच्या कपात चहा द्या."

"अवं मनकर्णा, तुझ्या सवयीचा आहे ना तो."

"मायी सवय नाही, बाई. तुमची हाय."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. मी नियमावली चाळली. सत्तावीस नियमांत कपाचा उल्लेख नव्हता. अध्यक्षांनी ही तांत्रिक अडचण असल्याचे जाहीर करून कार्यक्रम तहकूब केला. मनकर्णाबाईंनी शालीची घडी केली (आमच्यापेक्षा चांगली), नारळाखाली ठेवली आणि सुनेला घेऊन चहा न पिता गेल्या. कप तसेच राहिले. ते मला विसळावे लागले, आणि त्याबद्दल माझा कोणीही सत्कार केला नाही.

समितीने ताबडतोब घरोघर पाहणी केली. असा वेगळा कप सिलिंडरमागे सतरा घरी, मागच्या बाल्कनीत बारा घरी, तुळशीजवळ नऊ घरी आणि खिडकीच्या गजाला अडकवलेला तीन घरी आढळला. एका घराने पाहणीस नकार दिला. (सचिव म्हणून माझी काही प्रतिष्ठा आहे.)

अहवाल जवळपास तयार आहे. हे आपण चहा घेता घेता वाचत असाल तर हातातल्या कपाला कान आहे असे मी धरून चालतो. दुसरा कुठे ठेवता तेवढे कळवावे, तक्त्यात रकाना मोकळा ठेवला आहे.