नानांची जावक वही

नानांच्या घरातून कुठलीही वस्तू बिननंबरी बाहेर पडत नाही. आमच्याकडे कालवांच्या कालवणाची वाटी आली, तरी तिच्याखाली चिठ्ठी असते : 'जा. क्र. २१४. सोबत : वाटी एक, झाकणासह.' वाटी परत नेऊन दिली की नाना वहीत आवक तारीख टाकतात आणि मगच आपल्याला 'बस' म्हणतात. आयुष्यभर तालुक्याच्या कचेरीत ते आवक-जावक कारकून होते. निवृत्त झाल्यावर कचेरी तेवढी सुटली. टेबल आता ओटीवर आहे, मुरूडच्या रस्त्याकडे तोंड करून.

मी त्यांचा शेजारी, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. सुट्टीत विद्यार्थ्यांना ओपन सोर्स सॉफ्टवेअरचं काम देणारा एक कार्यक्रम असतो, त्याला अर्ज करायचं मी ठरवलं. तेवढं एक नानांना सांगायला नको होतं.

"सॉफ्टवेअर कोणाचं?"

"सगळ्यांचं."

"मग साहेब कोण?"

"साहेब नसतो, नाना. मेंटॉर असतो."

"आणि अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा?"

"टेबल नाही. सगळ्यांना दिसेल असा, उघड्यावर ठेवायचा."

"उघड्यावर?" नानांनी असं पाहिलं, जणू मी अर्ज बोंबलांसारखा वाळत घालणार होतो.

खरं तर मलाही काही कळत नव्हतं. म्हणून मी जाणत्या माणसाचं, म्हणजे नानांचंच, ऐकलं. ग्रंथालयाची पुस्तकं नोंदवणारं एक छोटं सॉफ्टवेअर निवडलं आणि मेंटॉरला 'सन्माननीय महोदय' असं लिहिलं. उत्तर आलं नाही तेव्हा नाना म्हणाले, "स्मरणपत्र टाक." टाकलं. तीन दिवसांनी दुसरं. मग तिसरं, 'वरील दोन्ही स्मरणपत्रांच्या संदर्भात.' यावर ब्राझीलहून उत्तर आलं : मी महोदय नाही, मुलगी आहे. तुझ्याएवढीच आहे. आणि तुझी तिन्ही स्मरणपत्रं सगळ्या जगाने वाचली आहेत.

आता त्या सॉफ्टवेअरमध्ये एखादी सुधारणा सुचवून ती चालवून दाखवायची होती. मला सुचेना. नानांनी चष्मा कपाळावर चढवून माझ्या लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

"आवक हाय, जावक हाय. पण गेलं आणि आलंच न्हाय, त्याची यादी कुठं हाय?"

नव्हतीच! मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. यादी तयार केली. ती चालते का हे बघायला नोंदी हव्या होत्या, तर नानांनी आपली वहीच काढून दिली. मी दोन दिवस बसून सगळी वही टाइप केली आणि जशीच्या तशी माझ्या अर्जाच्या पानावर चढवली. मग यादीचं बटण दाबलं. मला वाटलं, पहिला नंबर आमच्या आईने दाबून ठेवलेल्या पातेल्याचा असणार.

'चि. संजय, मस्कत. पत्र.' खालच्या ओळीत पुन्हा तेच. त्याच्या खाली पुन्हा. अकरा ओळी.

संजय हा नानांचा मुलगा. तो गणपतीला येत नाही, एवढंच मला माहीत होतं.

तेवढ्यात मेंटॉरचा निरोप आला. कल्पना छान आहे, पण ही कोणाची तरी खाजगी वही दिसते. उद्या दुपारी मुदत संपायच्या आत काढ, नाहीतर अर्ज बाद होईल.

मी धावत ओटीवर गेलो. "नाना, चूक झाली. तुमची वही सगळ्यांना दिसतेय. आत्ता काढतो."

"कोणालाही दिसते?"

"कोणालाही."

"मस्कतला?"

"हो."

नाना उठले, परत बसले. "वाट्याबिट्या काढ. लोकांनी कशाला बघायच्या? पत्ता पण काढ. त्याचं नाव तेवढं ऱ्हाऊ दे. फोन नंबर बदललान त्याने, नवा द्यायचा राहिला असंल. कम्प्युटरचंच काम करतो तो. दिसलं तर दिसलं."

अर्ज बाद होईल हे त्यांना सांगायचं माझ्या जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, "बरं."

बाकी सगळं काढलं, अकरा ओळी ठेवल्या. ज्यांची वही आहे त्यांचीच तशी इच्छा आहे, असं मेंटॉरला कळवलं. तिने दिलगिरी व्यक्त केली, पण नियम तो नियम. अर्ज बाद झाला. माझं पान मात्र उघड्यावर तसंच राहिलं.

"निवडीचं काय झालं रे?" आठवड्याने नानांनी विचारलं.

"मुदत चुकली, नाना."

"चुकली? माझ्या अख्ख्या नोकरीत एक कागद उशिरा गेला न्हाय, आणि शेजारी बसून तू मुदत चुकवतोस? काय करत होतास? काशीदला लाटा मोजत?" चहावर साय धरेपर्यंत त्यांनी मला झापलं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

निघालो, तर फाटकाशी त्यांनी हाक मारली.

"अरे, त्या संजयच्या ओळी..."

"आहेत, नाना."

"बघ हां. चुकून पुसशील. तुझा काय नेम न्हाय."